वर येण्याचा आजार

माझी नणंद दातांची डॉक्टर आहे. श्रीरामपुरात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते आणि खाली रस्त्याच्या बाजूला तिचा दवाखाना आहे. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगते, त्यामुळे घरी तोंड मिटून बसणारा हवा होता. तसा मिळाला नाही." ती माझ्याहून लहान, म्हणून मी तिला नावानं हाक मारते आणि ती मला वहिनी म्हणते. चिडवायचं असलं की मात्र मी 'वन्सं' म्हणते. तो शब्द कानावर पडला की आपण नऊवारी नेसून चुलीपुढं बसलोय असं वाटतं, अशी तिची तक्रार आहे.

काही वर्षांपूर्वी तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींचं मालवणला संमेलन झालं. तिथं सगळ्याजणी पाठीला सिलिंडर लावून पाण्याखाली जाऊन आल्या. हिला नेमकी त्या दिवशी सर्दी. सर्दीत कान मोकळे होत नाहीत म्हणून बोटीवरच्या माणसानं हिला उतरू दिलं नाही. दोन तास ही बोटीत सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत बसली. घरी आली ती तणतणतच.

"वहिनी, मी स्कूबा शिकणार. नुसतं हात धरून फिरवून आणतात तसं नाही. नीट, परीक्षा देऊन, सर्टिफिकेट घेऊन."

"शीक की."

"तू पण."

"मी कशाला?"

"पाण्यात एकटं जायचं नसतं, जोडीदार लागतो. बडी म्हणतात त्याला. आणि तू विज्ञानाची शिक्षिका आहेस. नियम तू पाळ, आपल्या दोघींच्या वाटचे. मी मासे बघते."

माझा नवरा वकील आहे. त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि बहिणीच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचं मूळ घर पुणतांब्याचं. नदीकाठी वाढलेली ही माणसं, पाणी म्हणजे आपलं अंगणच असं समजतात. नणंद लहानपणी घाटावरून गोदावरीत उड्या मारायची, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय, आणि दर वर्षी त्या उडीची उंची थोडी वाढत असते. माझं माहेर राजूरचं. आमच्याकडं पाणी आभाळातून कोसळतं आणि उताराला लागून निघून जातं, त्यात शिरायची आमच्यात रीत नाही. मी पोहायला शिकले ते चाळिशीत, कंबर धरायला लागली तेव्हा, गावच्या तलावावर, सकाळच्या बायकांच्या तुकडीत. तिथंही काठाला हात लागेल इतक्याच अंतरावरून पोहायचे.

पण हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा तिच्या धाडसाचा, आणि तिनं मला विचारलं याचा आनंदही झाला होता.

आधी अभ्यास होता. ऑनलाइन धडे, प्रत्येक धड्याखाली प्रश्न. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. समुद्रात खाली जाल तसा दाब वाढत जातो. सिलिंडरमधल्या हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो, तो त्या दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळत राहतो. हळूहळू वर आलं तर तो श्वासावाटे गुपचूप बाहेर पडतो. झपकन वर आलं तर त्याचे अंगातल्या अंगात बुडबुडे होतात. ते सांध्यात अडकतात, नसांवर बसतात, कधी मेंदूपर्यंतही पोचतात. डिकम्प्रेशन सिकनेस. हा धडा आला आणि मी खुलले. वायूची विद्राव्यता मी मुलांना शिकवत आले होते, आता ती माझ्याच रक्तात उतरणार होती.

"थांब, तुला प्रयोग करून दाखवते," म्हणून मी कोपऱ्यावरून गोटीसोडा आणवला. "हे बघ. बाटली बंद आहे तोवर बुडबुडे दिसतायत का? नाही. वायू आत विरघळलेला आहे. आता दाब काढला..." आणि मी अंगठ्यानं गोटी आत दाबली.

सगळा सोडा फसफसून माझ्या साडीवर, टेबलावर आणि वकीलसाहेबांच्या धुवून आलेल्या पांढऱ्या शर्टांच्या चळतीवर गेला.

"समजलं," नणंद म्हणाली. "वहिनीसारखी घाई करायची नाही."

नवरा दारात उभा राहून सगळं बघत होता. त्यानं विचारलं, "पण झालं हे, तर ओळखायचं कसं?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "खांदा, कोपर, गुडघा दुखतो. हातापायांना मुंग्या येतात. फार थकवा येतो. चक्कर येते, डोकं जड होतं. कधी लघवी अडते."

"अरे वा," तो म्हणाला. "हे सगळं मला रोज कोर्टातून आल्यावर होतं. न भिजताच."

हसलो आम्ही तेव्हा. पण त्यानं विनोदात जे म्हटलं तीच या आजाराची खरी गोम होती. पन्नाशीच्या बाईला खांदा दुखायला समुद्र लागत नाही.

मग दोन शनिवार-रविवार पुण्याला, तिथल्या एका पोहण्याच्या तलावात सराव. श्वासाची रबरी नळी दातात धरून पाण्याखाली गुडघ्यावर बसायचं. नणंदेनं ते रबर तोंडात घेतलं, काढलं आणि म्हणाली, "दातांचं माप घेताना पेशंट माझ्याकडं असं का बघतात ते आज कळलं." माझं घोडं अडलं ते मास्क काढण्याच्या धड्यावर. पाण्याखाली डोळ्यावरचा मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा आणि नाकातून हवा सोडून त्यातलं पाणी बाहेर घालवायचं. मी तीनदा शिंकत, खोकत वर आले. शिकवणारा मालवणचाच, तिशीतला, शांत माणूस होता. तो एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगायचा, "श्वास कधीच रोखायचा नाही. आणि मॅडम, खाली कुणीही जाईल. मी तुम्हाला वर यायला शिकवतोय."

चौथ्यांदा मला जमलं. नणंदेनं पाण्याखालीच टाळ्या वाजवल्या. त्या ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या.

डिसेंबरात नाताळाच्या सुट्टीत आम्ही दोघी मालवणला गेलो. चार-पाच दिवस राहायचं, रोज बोटीतून समुद्रात जायचं, दोन वेळा उतरायचं. मी नियमांच्या बाबतीत इतकी कडक होते की नणंदेनं माझं नाव 'परिपाठ' ठेवलं. उतरण्याआधी एकमेकींचे पट्टे, हवा, नळ्या तपासायच्या असतात. मी तिचे दोनदा तपासायची. मनगटावरचं छोटं कॉम्प्युटरचं घड्याळ खोली सांगतं, किती वेळ राहिलाय ते सांगतं. मी मासे कमी आणि ते घड्याळच जास्त बघत असे. वर येताना आपल्याच बुडबुड्यांच्या मागं राहायचं, त्यांच्या पुढं जायचं नाही. मी इतकी मागं राहायची की शिकवणारा वरून हातानं खुणावायचा, या आता. शेवटी थोड्या खोलीवर थांबून अंगातला वायू जाऊ द्यायचा असतो. तिथंही मी दोरी धरून सगळ्यांत शेवटी निघायची. नणंद मात्र एकदा कासवामागं जोडीदाराला सोडून गेली आणि एकदा अंगावरच्या जाकिटात हवा भरून जरा पटकन वर गेली. तिला बोटीवर सगळ्यांसमोर बोलणी बसली. मी गंभीर चेहरा करून ऐकत होते, पण मनातून सुखावले होते. वर्गात हुशार मुलीला मार बसला की मागच्या बाकावरच्यांना वाटतं ना, तसं. फरक एवढाच की इथं मागच्या बाकावरची मीच हुशार होते.

एक गोष्ट मात्र मी करत नव्हते, आणि ती मला नियमात धरावीशीसुद्धा वाटली नव्हती. मी पाणी पीत नव्हते. बोट लहान. अंगाला घट्ट चिकटलेला तो रबरी पोशाख काढायला दोन माणसं लागायची. बोटीवर बायकांसाठी आडोसा नव्हता. आमच्या पिढीच्या मुली एसटीनं शिकल्या. राजूरहून अकोले, अकोल्याहून संगमनेर, आणि वाटेत कुठल्याच स्टँडवर जाण्याजोगी जागा नाही. प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. ही सवय इतकी मुरलेली की मला ती सवय वाटतच नव्हती, शहाणपण वाटायचं. शिकवणारा बाटली पुढं करायचा. मी ओठ ओले करून परत द्यायची.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पास झालो. संध्याकाळी खानावळीत सोलकढी पिताना माझा उजवा खांदा दुखायला लागला. आतून, खोल, दाढ दुखावी तसा. दाबून बघितलं तर दुखरी जागा हाताला लागेना.

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही. सिलिंडर उचलून खांदा भरलाय."

"सिलिंडर तू कधी उचललास? ती पोरं उचलत होती."

"बॅग उचलली."

मी विषय बदलला. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता. हा आजार नियम मोडणाऱ्यांना होतो, मी एकही नियम मोडलेला नाही, म्हणून हा तो आजार नाही. आणि झालाच असता तर तिला व्हायला हवा होता! मुलांना मी सांगत असते की निष्कर्ष आधी काढून मग निरीक्षणं जुळवायची नसतात. ते मुलांसाठी.

पाण्यातून निघाल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, घाटही चढायचा नाही, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. तोही नियम मी पाळला. दुसऱ्या दिवशी जेवणं करून, सांगितल्यापेक्षा जास्त वेळ थांबूनच आम्ही गाडीनं निघालो. घाट चढायला लागलो तसा खांद्यातला ठणका कोपरापर्यंत आला. नणंद गाडी चालवत होती. मी खिडकीकडं तोंड करून बसले आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं बाम चोळला. शेजारच्या काकूंनी वात म्हणून सांगितलं आणि निर्गुडीचा पाला दिला. गरम पाण्याची पिशवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातून खडू पडला. उचलला, परत पडला. मुलं हसली. मीही हसले, आणि उरलेला तास तोंडी घेतला.

दुपारी घरी येऊन चहा टाकला. दवाखान्यातून नणंद चहाला आली. आम्ही समोरासमोर बसलो. मी कप उचलला आणि ती एकदम म्हणाली, "डाव्या हातानं?"

"काय?"

"चहा. डाव्या हातानं कधीपासून प्यायला लागलीस?"

"दुखतोय उजवा जरा."

"अजून?" तिनं कप खाली ठेवला. "वहिनी, खरं सांग. मुंग्या येतायत?"

"थोड्या. दोन बोटांना. झोपेत हात अंगाखाली आला असेल."

ती उठली आणि दवाखान्यातून कापसाचा बोळा घेऊन आली. चिडवणं, हसणं सगळं तिच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं होतं. पेशंटसमोरची ही माझी नणंद मी फार क्वचित पाहिली होती. "डोळे मीट," ती म्हणाली. "बोटाला कापूस लागला की हो म्हण."

मी डोळे मिटले. "हो," मी म्हणाले. थोड्या वेळानं परत "हो." मग "हो, करंगळी."

काहीच आवाज येईना म्हणून मी डोळे उघडले. कापूस टेबलावर पडलेला होता आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"दोनदा मी लावला तेव्हा तू गप्प होतीस," ती म्हणाली. "आणि आता मी लावलाच नव्हता."

मग तिनं मला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, एका पायापुढं दुसरा, टाचेला बोटं भिडवून. मी तोल जाऊन सोफ्याच्या हाताला धरलं. तरीही मी वाद घालत होते. "अगं, पण मी सगळं बरोबर केलं! तू वर पळालीस. मी नाही पळाले."

"ते भांडण आपण नंतर करू," ती म्हणाली. "तू आडवी हो."

तिनं मालवणला फोन लावला. शिकवणाऱ्यानं तिला पहिलाच प्रश्न विचारला, "दुखणं कधी सुरू झालं?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "शेवटच्या संध्याकाळी." फोनवरच्या त्या शांत माणसाचा आवाज पहिल्यांदाच घाईचा झाला. त्यानं पाणबुड्यांच्या आजारांच्या एका डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता मास्कनं पूर्ण ऑक्सिजन द्या, भरपूर पाणी द्या, आडवं ठेवा, आणि पुण्याला या. तिथं दाबाची मोठी बंदिस्त टाकी आहे, तिच्यात पेशंटला पुन्हा 'खाली' न्यायचं आणि तिथून अगदी हळू वर आणायचं. आणि हो, उपाय म्हणून परत पाण्यात उतरवू नका. हे त्यांनी का सांगितलं असेल असं मला वाटलं. कोर्टातून तसाच आलेला नवरा मागून विचारत होता, "कॅनॉल जवळ आहे, त्यात थोडा वेळ..." तेव्हा कळलं.

गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावायला गेलो. तिथला तरुण डॉक्टर भला होता, पण श्रीरामपुरात असा पेशंट त्याच्यापुढं कधी आला असणार?

"काय झालं यांना?"

"डायव्हिंग करून आल्या," नणंद म्हणाली.

"कुठं बुडाल्या?"

"बुडाल्या नाहीत."

"मग पाणी पोटात गेलं का?"

"नाही. उलट पाणी पोटात गेलंच नाही हीच पंचाईत आहे. त्या बुडाल्या नाहीत डॉक्टर, वर आल्या. वर येण्याचा आजार झालाय."

त्यानं माझ्याकडं, नणंदेकडं, मग काळा कोट घालून आलेल्या नवऱ्याकडं बघितलं. कोट बघून बहुधा घाबरला असावा, कारण पुढं एकही प्रश्न न विचारता त्यानं मास्क लावला. फोनवर पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून मात्र त्यानं सगळं मन लावून केलं, सलाइन लावलं, आणि अॅम्ब्युलन्सबरोबर जादा सिलिंडर दिला. आम्ही निघालो तेव्हा हळूच नणंदेला म्हणाला, "मॅडम, झाल्यावर मला सांगा हां, काय काय केलं ते. आम्हाला शिकवलेलं, पण बघितलं नव्हतं."

नगरवरून पुण्याचा तो रस्ता मी आयुष्यात किती वेळा गेले असेन, पण अॅम्ब्युलन्सच्या छताकडं बघत पहिल्यांदाच. नणंद शेजारी बसून दर थोड्या वेळानं मला बाटलीतून पाणी पाजत होती. मास्क बाजूला करायचा, घोट घ्यायचा, मास्क लावायचा. मी एकदा नको म्हणाले तर इतक्या जोरात ओरडली की पुढं बसलेला तिचा भाऊ दचकून मागं बघायला लागला. सुप्याच्या पुढं मी तिला म्हणाले, "मला भीती वाटतेय." ती म्हणाली, "मला पण." ज्या दोघींचं चहाच्या आधणापासून भांडण सुरू होतं, त्यांनी बाकीचा सगळा रस्ता न बोलता काढला.

ती टाकी बघून मला हसूच आलं. आमच्याकडं उन्हाळ्यात गावोगाव पाण्याचे टँकर फिरतात, तसाच टँकर आडवा ठेवून त्याला गोल खिडक्या बसवलेल्या. आत पलंग. बरोबर एक सिस्टर बसल्या. दार बंद झालं, हवा भरायचा मोठा आवाज सुरू झाला, आणि कानांना दडे बसले. नाक दाबून कान मोकळे करायचं मला आता येत होतं, सिस्टर म्हणाल्या, "वा, शिकलेल्या दिसता." आत उकडायला लागलं. आमचे आवाज नाकातून आल्यासारखे येऊ लागले. कोरड्या खोलीत, साडी नेसून, मी पुन्हा समुद्राच्या तळाशी चालले होते.

आणि तिथं, खाली जाता जाता, खांद्यातला ठणका थांबला. कमी झाला नाही, थांबला. इतके दिवस शेजारच्या घरात कुणी सारखं काही कुटत असावं आणि एकाएकी त्यानं हात आवरता घ्यावा, तसं. मला रडू आलं. तोवर माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात अजून वात, बॅग आणि बाम होता. तो त्या क्षणी गेला. दाब वाढल्यावर जे दुखणं थांबतं ते वाताचं नसतं.

वर आणायला त्यांनी कितीतरी तास लावले. मी मास्क लावून पडले होते, आणि गोल खिडकीतून नणंद आणि नवरा आलटून पालटून तोंड दाखवत होते. नवरा काहीतरी मोठमोठ्यानं बोलायचा, ऐकू यायचं नाही. नंतर कळलं, तो विचारत होता की घरातली गॅसची शेगडी कुणी बंद केली होती का.

पुढचे काही दिवस रोज त्या टाकीत बसावं लागलं. खांदा पहिल्याच दिवशी सुटला, बोटांची संवेदना सावकाश आली. डॉक्टरांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळातली नोंद उतरवून बघितली. मी श्वास रोखून विचारलं, "कुठं चुकले?"

"पाण्याखाली? कुठंच नाही," ते म्हणाले. "नियम पाळले की धोका कमी होतो. संपत नाही. शरीराचं काही सांगता येत नाही. बोटीवर पाणी किती पीत होतात?"

मी नणंदेकडं बघितलं. तिनं छताकडं बघितलं.

"ओठ ओले करत होत्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. अंगात पाणी कमी असलं की हा त्रास व्हायची शक्यता वाढते, असं त्यांनी सांगितलं. बायकांच्या बाबतीत हे त्यांनी आधीही बघितलं होतं. पण त्यांना खरा राग आला तो त्याचा नाही. "ज्या संध्याकाळी खांदा दुखला त्याच संध्याकाळी बोलला असतात, तर किनाऱ्यावरच ऑक्सिजन मिळाला असता. घाट चढावा लागला नसता. आम्हाला पेशंट उशिरा मिळतात ते लांब राहतात म्हणून कमी, आणि लाजतात म्हणून जास्त."

त्या दिवशी बाहेर आलो. समोरच्या गाडीवर मी पोहे मागवले. उजव्या हातानं चमचा धरून मी खात होते आणि माझ्या समोर बसलेली नणंद, जी घाटावरून गोदावरीत उड्या मारायची, ती एकाएकी हमसून रडायला लागली. पोह्यांच्या गाडीवाल्यानं घाबरून तिच्यासमोर पाणी ठेवलं.

"मी तुला ओढून नेलं," ती म्हणाली. "आणि मी पळाले वर. मला व्हायला हवं होतं."

"हे मी पण म्हणत होते," मी म्हणाले. "तुला पटत नव्हतं."

ती रडता रडता हसली, आणि परत रडली. मग मी तिचे गार होत चाललेले पोहेही संपवले, कारण वाया घालवायचं आम्हाला राजूरला शिकवलेलं नाही.

गावात या गोष्टीची फार रूपं झाली. टीचरना पाण्यात बाधा झाली, अशी एक. टीचरना पुण्यात हवेनं भरून ठेवलं होतं, अशी दुसरी. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर मुलं माझ्याकडं अपेक्षेनं बघत बसलेली. एकीनं शेवटी विचारलं, "मॅडम, बुडबुडे बाहेरून दिसतात का?" मी पुस्तक मिटलं आणि विद्राव्यतेचा धडा पहिल्यापासून पुन्हा घेतला. इतक्या शांततेत तो धडा मी कधी शिकवला नव्हता.

मार्चमध्ये पुणतांब्याला गेलो होतो, घरच्या एका कार्याला. जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर बसल्या आणि अर्थातच विषय माझ्याकडं आला. टाकी कशी होती, सुया किती टोचल्या, हात आता चालतो का. नवऱ्यानं त्याच्या पद्धतीनं सगळं सादर केलं, शर्टांवरच्या सोड्यापासून. शेजारच्या मळ्यातली एक मावशी कोपऱ्यात पान जमवत बसलेली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, समद्यांनी आजाराचं इचारलं. पन खाली हाय काय? काय पाह्यलं तुमी?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, आवाज नसतो तिथं. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. खडकावर फुलांसारखं काहीबाही उगवलेलं असतं, हात जवळ नेला की मिटतं. पिवळेधमक मासे, चपटे, पापडाएवढे. ते घाबरत नाहीत. येऊन काचेतून डोळ्यात बघतात."

"पळत न्हाईत?"

"न्हाई."

"आन ही?" तिनं नणंदेकडं बोट दाखवलं. "ही काय करत हुती?"

"ही कासवामागं पळत होती."

"व्हय, ही पळनारच," मावशी म्हणाली. "हिच्या मागं आमी लई पळलोय, घाटावर." नणंदेनं कपाळाला हात लावला. मावशीनं पान माझ्या हातात ठेवलं आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसली. "बरं, पिवळे झाले. आता दुसरे सांगा. कुठले कुठले हुते?"

मी सांगू लागले. नणंद सरकत सरकत जवळ आली आणि जिथं माझं चुकलं तिथं तिथं दुरुस्त करू लागली, कारण मासे तिनं बघितले होते, मी घड्याळ बघत होते.